रबराची वाटी

जुन्या वस्तूंचा शौक हा श्रीमंतांचा रोग, अशी माझी समजूत होती. मिलानमध्यें आमच्या घरमालकांच्या गॅरेजांत उभी असलेली १९६९ सालची अल्फा रोमिओ पाहीपर्यंत ती टिकली.

घरमालक ८४ वर्षांचे. गाडी चालविण्याच्या त्यांच्या परवान्याची मुदत डिसेंबरांत संपणार होती, आणि तो पुन्हां मागावयाचा नाहीं, असें त्यांच्या मुलीनें त्यांच्याकडून वदवून घेतलें होतें. तत्पूर्वीं एकदां ही गाडी स्वतः हांकीत कोमोच्या सरोवरापर्यंत जावें, एवढीच त्यांची इच्छा. पण क्लचचें पेडल दाबलें, कीं तें खालींच पडून राही. “दोत्तोरे, तुम्हांला इंग्रजी येतें. चार ठिकाणीं पत्रें लिहा, सुटे भाग शोधा,” असें त्यांनीं मला विनविलें. पदवीधराला दोत्तोरे म्हणण्याची तेथें रीत आहे. त्या एका शब्दानें मी गुंतलों.

या क्लचची रचना साधी आहे. पेडलापाशीं एक सिलिंडर, गिअरच्या पेटीपाशीं दुसरा, मध्यें नळी. पहिल्यांतला दट्ट्या द्रव ढकलतो, त्या दाबानें दुसऱ्यांतला सरकतो. सतराव्या शतकांत पास्कलनें सांगितलेला नियम येथें घरगड्यासारखा राबत असतो. दट्ट्याच्या तोंडाशीं रबराची इवलीशी वाटी असते. ती झिजली, कीं द्रव मागें निसटतो आणि एवढी मोठी गाडी दावणीला बांधल्यासारखी उभी राहते.

प्रथम टपालानें एक सिलिंडर आला. दिसावयास हुबेहूब, पण आंतला व्यास मोठा. १९ मिलिमीटरांचे २२ झाले, तर क्षेत्रफळ सुमारें एकतृतीयांशानें वाढतें, आणि तेवढ्याच द्रवानें दट्ट्या पाव भाग कमी सरकतो. क्लच सुटेचना. मग सप्टेंबरांत मी इमोलास गेलों. तेथें शर्यतींच्या मैदानावर जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. एका फळीवर त्या काळची, मोहोरहि न फोडलेली पेटी मिळाली. लग्नाचा मुहूर्त काढून आणल्याच्या ऐटींत मीं ती मेकॅनिकच्या हातीं दिली.

म्हाताऱ्या मेकॅनिकनें वाटी काढून चिमटींत दाबली. ती तडकली. “पन्नास वर्षें हिला कोणी हात लावला नाहीं,” तो म्हणाला, “म्हणूनच ही मेली.” मग त्यानें गाडीचाच मूळ सिलिंडर उजेडाकडे धरला. हा द्रव हवेंतलें पाणी शोषतो, त्यामुळें आंत थोडा गंज धरला होता. पण खड्डे पडले नव्हते. बारीक दगडानें घांसून, नव्या वाट्या बसवून त्यानें तो परत दिला. त्या वाट्यांना आमच्या दोघांच्या जेवणाहूनहि कमी पैसे पडले.

मला आजीचा ठेवणींतला शालू आठवला. न नेसतांच तो घडीवर चिरला होता. जपून ठेवलेलें तें टिकलें, असा हिशेब आपण किती सहज मांडतों!

ऑक्टोबरांत आम्ही कोमोस गेलों. प्रत्येक वळणावर म्हाताऱ्याचा डावा पाय पेडलावर पडे आणि पेडल त्याला निमूटपणें वर उचलून देई. परततांना त्यांनीं विचारलें, “दोत्तोरे, डिसेंबरचें काय करूं?”

मीं उत्तर दिलें नाहीं. मला चिमटींत तडकलेली ती वाटी दिसत होती.