चौथी आलेली दीपा

डिचोली, गोवा
२० ऑक्टोबर २०२४

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यातला प्रश्न वाचून आधी हसले आणि मग जरा चिडलेही. ‘मावशी, जी ऑलिम्पिकमध्ये चौथी आली आणि जिच्यावर पुढे बंदीही आली, तिचा फोटो तू अजून कपाटाला का चिकटवून ठेवला आहेस?’ ठाण्यात राहून रिबन आणि हूप शिकणाऱ्या मुलीनं असं विचारणं साहजिकच. तुझ्यासमोर संयुक्ता काळे आहे. गेल्या वर्षी आपल्या गोव्यात राष्ट्रीय खेळ झाले तेव्हा महिलांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला आणि ओडिशाकडून खेळणाऱ्या प्रणती नायकला विभागून मिळाला. दोघीही जिम्नॅस्ट, दोघींची चार-चार सुवर्णं. जिंकणारी माणसं आवडायला कारण शोधावं लागत नाही. माझ्या दीपा कर्माकरला ते लागतं, आणि तिनं या ७ तारखेला निवृत्ती जाहीर केली म्हणून आजच लिहायला बसले.

रिओ ऑलिम्पिकमधल्या तिच्या उडीबद्दल तू ऐकलं असशीलच. प्रोदुनोव्हा. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हानं १९९९मध्ये ती स्पर्धेत करून दाखवली, म्हणून हे नाव. धावत यायचं, फळीवरून उसळून व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकायचे आणि हवेत पुढच्या दिशेनं दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. पुढच्या कोलांटीत जमीन वेळेवर दिसत नाही, खरी अडचण ती. माझ्या पीटीच्या तासाला पोरं गादीवर साधी कोलांटी घेताना मान वाकडी करतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो, मग ही उडी बघताना काय होत असेल ते तूच समज. सिमोन बाइल्सनंसुद्धा ती स्पर्धेत कधी मारली नाही.

आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘मृत्यूची उडी’, ‘जिवावर उदार झालेली मुलगी’ असं लिहून लिहून पानं भरली. मला ते मुळीच पटलं नाही. दीपा जिवावर उदार नव्हती, हिशेबी होती. ती आगरतळ्याची. वडील वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. तिचे तळपाय सपाट; जिम्नॅस्टला ते अडचणीचे, कारण उडीला लागणारी उसळी आणि उतरतानाचा तोल दोन्ही त्यानं बिघडतात. सुरुवातीच्या काळात सरावाची फळी टाकाऊ स्कूटरचे भाग वापरून केलेली. आता तुमच्या खेळात गुण कसे देतात ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक: काठिण्याचे वेगळे, सफाईचे वेगळे. सफाई यायला लहानपणापासून चांगली साधनं, चांगल्या गाद्या, परदेशातल्या स्पर्धा लागतात. ते तिच्याकडे नव्हतं. मग ती आणि तिचे गुरू बिश्वेश्वर नंदी यांनी काठिण्याची बाजू धरली. प्रोदुनोव्हाला तेव्हा काठिण्याचे पूर्ण ७ गुण होते. याच उडीच्या बळावर २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

रिओची अंतिम फेरी १४ ऑगस्ट २०१६ची, आपल्याकडे रात्री अकरा वाजून गेलेले. आम्ही सगळी टीव्हीपुढे, बाहेर पाऊस, आणि वीज जाऊ नये म्हणून तुझी आजी शांतादुर्गेला हात जोडून बसलेली. पहिल्या उडीला १४.८६६, दुसऱ्या, म्हणजे प्रोदुनोव्हाला १५.२६६. उतरताना ती इतकी खाली बसली की बूड गादीला टेकलं-न-टेकलं. सरासरी १५.०६६. कांस्य मिळालेल्या स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. फरक ०.१५०. कौतुक म्हणून दीपाला बीएमडब्ल्यू मिळाली आणि आगरतळ्यात ती सांभाळणं जमेना म्हणून तिनं परत केली. (मला ही गोष्ट तिच्या उडीइतकीच आवडते.)

इथवर फोटो लावायला कारण पुरेसं होतं. पण तो काढून न टाकण्याचं कारण पुढचं आहे. २०१७मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या मेर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण. मग ऑक्टोबर २०२१च्या चाचणीत हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि २१ महिन्यांची बंदी आली. ते नकळत पोटात गेलं, असं तिनं सांगितलं. मी तिची वकिली करणार नाही. खेळाडूच्या शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम कडक असला तरी बरोबर आहे. तू ही गोष्ट मैत्रिणींना सांगशील तेव्हा बंदी वगळून सांगू नकोस.

बंदी जुलै २०२३मध्ये संपली तेव्हा ती तिशीला टेकली होती. या खेळात त्या वयाला लोक निरोपाचे हार तयार ठेवतात. आणि बाय, मे २०२४मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं व्हॉल्टमध्ये सुवर्ण घेतलं, १३.५६६ गुणांनी. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. ते प्रोदुनोव्हाशिवाय! जिच्यामुळे देशभर नाव झालं ती उडी तिनं बाजूला ठेवली, गुडघ्याला झेपतील अशा उड्या निवडल्या आणि त्या नीट उतरवल्या. पॅरिसचं तिकीट त्यानं मिळालं नाही. तरी नावावर जमलेली टाळी सोडून देणं मला त्या सात गुणांच्या उडीहून अवघड वाटतं. भजनी मंडळापासून पंचायतीपर्यंत, आपल्या एकाच हुकमी चिजेला वर्षानुवर्षं चिकटून राहिलेली माणसं मी इथे रोज बघते.

संयुक्ताचा फोटो तू खुशाल लाव. ती मलाही आवडते, आणि डिचोलीच्या मुलींनी राष्ट्रीय खेळांत तिला बघितलं ते बरंच झालं. पण तुझ्या क्लासमधली एखादी मुलगी दुखापतीनंतर परत आली, तर ती पूर्वीसारखं करते का, एवढंच बघू नका.

दिवाळीला फोव खायला सगळी या. तुझ्या आईला सांग, नव्याच्या सोमवारच्या उत्सवापर्यंत राहायचं म्हणून. येताना रिबन घेऊन ये. माझ्या शाळेतल्या पोरींनी ती जवळून कधी पाहिलेली नाही.

तुझी,
मावशी