उतारावरचे पेट्रोल

काटकसर व कंजुषी यांमधील सीमारेषा ही आमच्या बेळगाव-निपाणीकडील सीमारेषेइतकीच वादग्रस्त आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात कर्नाटक सरकारने पेट्रोलवरील कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरविला, तेव्हा पलीकडच्या मोटारी कोगनोळीचा नाका ओलांडून अलीकडे टाकी भरावयास येऊ लागल्या. कागलकरांचे ठीक, परंतु कोल्हापुराहून खास त्यासाठी येणाऱ्याचे गणित आम्ही कागदावर मांडून पाहिले. दोन्ही राज्यांच्या दरांत १० रुपयांचे अंतर धरले आणि ३० लिटर पेट्रोल घेतले, तर वाचले ३०० रुपये. जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटर. लिटरला १५ च्या हिशेबाने ३ लिटरांहून अधिक पेट्रोल जळाले, म्हणजे ३०० च्या वरच गेले. राज्य ओलांडूनही माणूस होता तेथेच!

खरी बचत पंपावर होत नाही. ती चालकाच्या उजव्या पायात आणि डाव्या हातात असते. बेळगावाहून निपाणी सुमारे ७५ किलोमीटर. कोर्टाच्या तारखेला आम्ही ताशी १०० च्या वेगाने गेलो तर पाऊण तास लागेल, ८० ने गेलो तर छप्पन्न मिनिटे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर जाताच तो दीडपटीहून अधिक होतो. आणि एवढे पेट्रोल जाळून मिळविलेली ती अकरा मिनिटे कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहण्यातच खर्ची पडतात. गिअरचेही असेच आहे. वरच्या गिअरमध्ये तेवढ्याच अंतरासाठी एंजिनाला कमी फेरे मारावे लागतात आणि घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचते. मात्र म्हणून तवंदीचा घाट पाचव्या गिअरमध्ये चढवू पाहणाऱ्यास आम्ही काटकसरी म्हणणार नाही. एंजिन धडधडू लागले की त्याची तक्रार ऐकावी आणि खालचा गिअर घालावा. टायरांत हवा कमी ठेवणे आणि क्लचवर पाय विसावणे, या दोन सवयींविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लिहावयाचे आहे ते उताराविषयी. कारण या विषयावर आमचा व आमच्या मामांचा दावा कित्येक वर्षे प्रलंबित होता. मामांनी आयुष्यभर फियाट चालविली. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले, त्या दिवसांत आंबोलीच्या घाटमाथ्यावर एंजिन बंद करावयाचे, गाडी न्यूट्रलमध्ये सोडावयाची आणि पायथ्याशी पुन्हा सुरू करावयाची, हा त्यांचा शिरस्ता. मुलांच्या शाळेच्या फिया ज्या पैशांतून भरल्या, त्यांत हे वाचविलेले पेट्रोलही होते. तेव्हा या सवयीस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु गतवर्षी चोर्ला घाटाने कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनास निघालो असता मागील आसनावर आमच्या मातोश्री व मामी होत्या, सुकाणू आमच्या हाती होते, आणि कणकुंबी मागे पडून उतार लागताच शेजारून मामांची आज्ञा झाली, "अरे, देंवतना पेट्रोल कित्याक लासता रे तूं?"

आम्ही तिसरा गिअर तसाच ठेवला. मामांच्या फियाटला कार्ब्युरेटर होता. एंजिन फिरत असेतोवर तो थोडेबहुत पेट्रोल देतच राही, म्हणून त्यांच्या युक्तिवादात त्या काळी तथ्य होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडील मोटारींत इंजेक्शनची पद्धत रूढ झाली आणि पुरावाच पालटला. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की चाकेच एंजिनाला फिरवितात आणि यंत्रणा पेट्रोलचा पुरवठा थांबविते. उलट न्यूट्रलमध्ये टाकले की एंजिन जिवंत ठेवण्यासाठी तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल खर्च करावेच लागते. एंजिनच बंद केले तर? आजच्या ब्रेकला एंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य असते. एंजिन बंद पडल्यावर दोन-तीनदा दाबताच ते साहाय्य संपते, पेडल दगडासारखे होते आणि सुकाणूही जड होते. शिवाय गिअरचा अटकाव नसला म्हणजे सारा भार ब्रेकवर येतो. वळणावळणाला दाबून ते तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरीत नाहीत. एका बाजूस दरी असलेल्या रस्त्यावर ही जोखीम कोणत्या भावाने खरेदी करावयाची, हा आमचा प्रश्न होता.

मामांना कायद्याची कलमे पटत नाहीत, डोळ्यांनी दिसलेले पटते. आम्ही समोरच्या पडद्याकडे बोट दाखविले. क्षणोक्षणीचा हिशेब सांगणारा आकडा चढत चढत शेवटच्या मर्यादेला जाऊन टेकला होता. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढल्या सरळ टप्प्यावर "एकदा न्यूट्रल करून दाखव" अशी त्यांची उलटतपासणी झाली. आम्ही नम्रपणे नकार दिला; मागून मातोश्रींनी तो अधिक स्पष्ट शब्दांत दिला. मग केरीपर्यंत मामा बोलले नाहीत. ज्या युक्तीने आपण घर चालविले ती आता युक्ती राहिली नाही, हे कळण्यास पंचवीस मिनिटांचा घाट काही फार नव्हे.

केरीला चहासाठी थांबलो. मामा उतरून थेट पुढच्या चाकाशी गेले, हात जवळ नेऊन ऊब पाहिली आणि तापले नाही याची खात्री करून घेतली. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी विचारले, "न्यूट्रल केले असते तर किती गेले असते?" पंचवीस मिनिटांचे पाव लिटर, म्हणजे सुमारे २५ रुपये, असे आम्ही सांगितले.

"मागीर ते पंचवीस रुपया देवीक," मामा म्हणाले, आणि कवळ्यास पोहोचल्यावर ते आमच्याकडून वसूल करून त्यांनी स्वतःच्या हातांनी पेटीत टाकले.