आधी आडोसा ठरव

नागापूर, अहिल्यानगर

चि. भाचेबुवांस,


तुझा नकाशा मिळाला. पाच फूट बाय दोन फुटांचं प्लायवूड, त्यावर लंबगोल रूळ, डाव्या कोपऱ्यात डोंगर, डोंगरात बोगदा आणि मागून चढत जाऊन स्वतःवरूनच पुलाने परतणारी लाइन. चित्र देखणं आहे. पण टूलरूममध्ये केस पिकलेल्या मामाला नकाशा दाखवलास की तो आधी फूटपट्टीच काढणार.

पहिला प्रश्न स्केलचा. पुण्यात १ एप्रिल १९९८ला सुरू झालेलं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तू पाहिलं आहेस. ते एचओ स्केलचं, म्हणजे १:८७. त्या स्केलची नेहमीची घट्ट वळणंसुद्धा ३६ सेंटिमीटर त्रिज्येची असतात. तुझ्या ६१ सेंटिमीटर रुंदीत ती बसायची नाहीत. तेव्हा तुला एन स्केल, १:१६०. त्यात २४.९ सेंटिमीटर त्रिज्येचे तयार रूळ मिळतात.

आता चढ. खालच्या गाडीच्या डोक्यावरून पूल न्यायचा तर पाचेक सेंटिमीटर उंची हवी. बोरघाटाचा ३७ला १ हा चढ धरला, तरी वर जायला १८५ सेंटिमीटर आणि उतरायला तितकेच, एकूण ३७० लागतात. तुझा अख्खा लंबगोल जेमतेम ३४० सेंटिमीटरचा. बोरघाटात खऱ्या गाड्यांनाही मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तुझं तळहाताएवढं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. म्हणून चढ रद्द. सगळे रूळ एकाच पातळीत ठेव.

मग लपवायचं काय आणि कशामागे? या छंदातली खरी मेख इथेच आहे. गाडी डोळ्यांसमोर गोल फिरत राहिली की दोन मिनिटांत खेळणं होते. ती आड गेली, थोडा वेळ गेला आणि तिच्या जागी दुसरीच गाडी आली, की ती कुठून तरी आली आणि कुठे तरी गेली असं वाटायला लागतं. लपवलेली लाइन म्हणजे नाटकाची विंग. इंग्लंडमध्ये सी. जे. फ्रीझर यांनी १९५७मध्ये ‘मिनोरीज’ नावाच्या चिमुकल्या टर्मिनसचा आराखडा मांडला, त्याचीही सारी मदार पडद्याआडच्या यार्डावर आहे.

तुझ्या मागच्या बाजूला ९० सेंटिमीटर सरळ लाइन मिळते. तिथे शेजारून जाणारी दुसरी लाइन, म्हणजे लूप टाक. दोन्ही टोकांचे सांधे २५ सेंटिमीटर खातील, उरतील पासष्ट. इंजिन १३ सेंटिमीटर आणि एलएचबी डबा १५ धरला, तर इंजिन व तीन डबे अठ्ठावन्नात बसतात. गोवा एक्स्प्रेस आत जाऊन थांबेल, शेजारच्या रुळावरची मालगाडी बाहेर पडेल. दोन्ही लाइनींच्या थांबण्याच्या टप्प्याला वेगळा स्विच दे. वीज तोडली की गाडी उभी.

दोन्ही टोकांची वळणंही निम्मी तरी झाक. भारतीय ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. तुझं हिशेबाने चाळीस मीटरचं. त्यावर डब्याची टोकं सहा मिलिमीटर बाहेर येतात आणि पोट चार मिलिमीटर आत जातं. ते दिसायलाही वाईट आणि शेजारच्या भिंतीलाही घासणारं.

आडोशासाठी डोंगरच कशाला? तुला आपली दौंड–मनमाड लाइन करायची आहे ना, १८७८ची? मग निंबळक, विळद, वांबोरी, राहुरी डोळ्यांपुढे आण. ऊस, बाभळी, मुरमाड माळ. लूपपुढे आमच्या नागापूर एमआयडीसीतल्या शेडची लांब रांग लाव. आठ मीटरची शेड तुझ्याकडे पाच सेंटिमीटरची होते आणि गाडी पावणेतीनची, म्हणजे ती सहज झाकली जाते. शेडला पुढची भिंत आणि वीतभर नव्हे, दोन बोटं छप्पर पुरे. एका टोकाला रस्त्याचा उड्डाणपूल, दुसऱ्या टोकाला चिंचेची दाट झाडं. गाडी त्यांच्याआड गेली तर कुणी ‘का’ म्हणून विचारणार नाही. सपाट माळावर एकटा उभा डोंगर मात्र बोगद्यासाठीच उभा केलाय हे लहान पोरही ओळखेल.

शेड चिकटवू नकोस, खुंट्यांवर बसव. गाडी घसरते ती बहुधा सांध्यावर, आणि तुझे सांधे आडोशातच आहेत. मागची बाजू उघडी ठेव आणि टेबलाला चाकं लाव, म्हणजे भिंतीपासून ओढून हात घालता येईल. रूळही तिथूनच पुसायचे. आपल्याकडची धूळ तुला सांगायला नको.

माळासाठी मुरूम चाळून घे, मातीला वाळवलेला चहाचा चोथा चालतो. खडी पसरल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाक, मिश्रण खोलवर मुरतं. थर्मोकोलला सॉल्व्हंटचा गोंद लावू नकोस, थर्मोकोल विरघळतो.

रूळ मागवण्याआधी हा सगळा नकाशा पूर्ण मापात पुठ्ठ्यावर काढ. पंधरा सेंटिमीटरची पट्टी डबा समजून वळणावर फिरव आणि शेडमागे तुझा स्वतःचा हात शिरतो का ते बघ. हात शिरला तर रुळांचे पैसे मी देतो. नाही शिरला, तर शेड पुढे सरकव आणि पुठ्ठा पुन्हा पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा