बोरघाट लागायचा तेव्हा

मुंबईहून पुण्याला निघालेली एसटी खोपोली सोडून चढाला लागली की गाडीतल्या गप्पा आपोआप मंदावायच्या. ड्रायव्हर गिअर बदलायचा, इंजिन कण्हू लागायचं, गाडी लागणारी मंडळी आवळासुपारी तोंडात टाकून डोळे मिटून घ्यायची. शिंगरोबाचं देऊळ आलं की खिडक्यांतून नाणी उडायची. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या या धनगराला बक्षीस म्हणून गोळी मिळाली, ही दंतकथा शेजारचा अनोळखी प्रवासीही हक्कानं ऐकवायचा.

वर एखादी तापलेली गाडी बॉनेट उघडून उभी असे. क्लीनर डब्यानं पाणी ओतत असे आणि उतारू कठड्याशी दरी न्याहाळत उभे. उन्हाळ्यात करवंदांचे द्रोण घेऊन ठाकरवाडीतल्या बाया यायच्या. अमृतांजन पूल दिसला की घाट संपत आल्याचा सुस्कारा पडायचा आणि लोणावळ्याच्या चिक्कीची बोलणी सुरू व्हायची.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता बोगद्यांतून गाडी सुसाट वर येते. कानांना दडे बसतात तेवढीच चढाची खूण. अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. शनिवारी सकाळी कोंडी झाली की आजच्याही गाड्या तापतात, पण दरी बघायला उतरण्याची तिथे सोय नाही.

तरी तेव्हाचं सगळंच गोड होतं, असं कसं म्हणू? डोळे मिटून घाट ओलांडणाऱ्या आम्हाला कुरवंड्याजवळची नागफणी म्हणजे फक्त एक चमत्कारिक सुळका वाटे. आज तिथे तरुण पोरं दोर बांधून रॅपलिंग करतात, दरीवर ताणलेल्या दोरावरून पलीकडे जातात. सुळक्याशेजारून कोकणात उतरणाऱ्या कुरवंडे घाटानं शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान फौज घेऊन गेला होता, हेही त्यांना ठाऊक असतं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी त्या घाटाखालच्या उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांनी पुढची वाट रोखली, मागची बंद केली. पाण्यावाचून कासावीस झालेल्या खानानं सोबतच्या रायबागन या मोगल सरदारणीचं ऐकलं आणि तो सामानसुमान टाकून शरण आला. मोगली देश आणि स्वराज्याचं कोकण यांमधली सीमा त्या दिवशी एका खिंडीनं राखली.

पूर्वी घाट वाटेत यायचा, म्हणून तो सगळ्यांना दिसायचा आणि थोड्यांनाच कळायचा. आता तो मुद्दाम गाठावा लागतो. मुद्दाम येणारा चौकशी करतो, चढतो, वाचून येतो. द्रुतगती मार्गावर मनाई असलेले दुचाकीस्वार आजही शिंगरोबाचा चढ चढतात. चारचाकीवाल्यांनीही एखाद्या आडवारी जुन्या रस्त्यानं जावं, नागफणी चढावी आणि उतरल्यावर खोपोली-पाली रस्त्यानं चावणी गावच्या उंबरखिंड स्मारकापर्यंत जाऊन यावं. पुण्याला पोचायला संध्याकाळ होईल, हे घरी आधीच सांगून ठेवावं.