पहिला घड देवळाचा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमची वाडी. केळी, पानवेली, मोगरा, मधे विहीर आणि कडेला बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. त्या वाडीवर आजी-आजोबा, काका-काकी आणि आत्या यांचं आयुष्य गेलं. आज त्या पिढीतलं कुणी राहिलेलं नाही. नाताळात आम्ही सगळी भावंडं जमलो की बोलणं फिरून फिरून त्यांच्यावरच येतं. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी आठवण आलेली आहे. पण सगळ्या जुळवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. या माणसांनी स्वतःला कधी मालक समजलं नाही. वाडी देवाची, आपण राखणदार, असं ते मानत आणि तसंच वागत.

चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणत. केळीचा पहिला घड देवळाचा, भाताच्या पहिल्या लोंब्या आशीर्वादासाठी वेदीपुढे. घरात पैशांची चणचण असली तरी हा क्रम मोडला नाही. थोरल्या दादाला आजीची सुकेळी आठवतात. राजेळी केळी पिकली की ती सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज परतायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची. तांबूस, चिकट, गोड झाली की वाळलेल्या केळीच्या पानात बांधायची. बांधायच्या आधी आजी निवड करत बसे. अखंड, चांगली सुकेळी एका बाजूला. ती फादरांना, आजारी माणसांना आणि ज्या घरात वाडी नव्हती त्या घरांना जायची. मोडकी आमच्या वाट्याला. एकदा दादानं तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "चव तीच आहे रे. पण देताना मोडकं द्यायचं नसतं."

द्यायला प्रत्येकाकडे वाडीतलंच काही असायचं असं नाही. मोठ्या काकांच्या हातात सुतारकाम होतं. पावसाळा संपला की ते देवळातल्या बाकांवरून हात फिरवत जात. कुठे सांधा सुटलाय, कुठे फळी फुगलीय ते बघत आणि दुरुस्त करून टाकत. काकी वेदीची पांढरी कापडं घरी आणायची. भाताची पेज गाळून खळ द्यायची, कोळशाच्या इस्त्रीनं घडी बसवायची. त्या दिवशी आम्हाला ओटीवर धावायला बंदी असे. धाकटे काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नाची सुपारी ते घेत, पण गरिबाच्या घरच्या मयतीला वाजवल्याचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही.

आत्याचं देणं वेगळंच. तिची सातवीपर्यंत शाळा झाली होती, वाचनाची आवड होती. 1955 साली सुरू झालेलं 'सुवार्ता' मासिक ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. 1962 ते 1965 या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लॅटिनमधला मिस्सा लोकभाषेत आला. लॅटिन प्रार्थना तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या बायका बावरल्या. आपल्याच बोलीतलं मराठी वेगळं, पुस्तकातलं वेगळं. मग आत्यानं संध्याकाळी त्यांना ओटीवर बसवून मराठी प्रतिसाद म्हणून घ्यायला सुरुवात केली. एकीला वाचता येत नव्हतं, एकीला ऐकू कमी येत होतं, पण पुढच्या सणापर्यंत सगळ्याजणी देवळात खणखणीत आवाजात उत्तर देऊ लागल्या.

आजोबांच्या तोंडी मत्तयच्या शुभवर्तमानातला धन्याचा आणि चाकरांचा दाखला नेहमी असे. दोघांनी धन्याचं धन वाढवलं, तिसऱ्यानं भिऊन जमिनीत पुरलं. आजोबा म्हणत, चोरी न करताही माणूस धन्याचा गुन्हेगार होतो. म्हणूनच त्यांना बेसीन कॅथॉलिक बँकेचा अभिमान. 1918 साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी ती उभी केली. वाडीवाल्यानं अडीनडीला सावकाराच्या दारात जाऊ नये, आपल्याच माणसांच्या ठेवींतून आपल्याच माणसांना कर्ज मिळावं, हा विचार. आजोबांची ठेव लहानशी होती. पेटीत ठेवलेल्या पैशानं कुणाचं बियाणं येत नाही, असं ते सांगत.

ते संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासदही होते. फ्रेडरिक ओझानाम या तरुणानं मित्रांसोबत 1833 साली पॅरिसमध्ये सुरू केलेलं हे काम आमच्या धर्मग्रामापर्यंत, म्हणजे पॅरिशपर्यंत पोचलं होतं. सभेत एक पिशवी फिरायची. प्रत्येकानं मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कुणी किती टाकलं हे शेजाऱ्यालाही कळत नसे. मग दोघं-दोघं मिळून अडचणीतल्या घरी जात. आजोबा कुणाकडे जाऊन आले हे आजीलाही सांगत नसत. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची एवढी काळजी.

त्यांची खरी कसोटी पाण्यानं पाहिली. ऐंशीच्या दशकात टँकर वाडीच्या तोंडाशी येऊ लागले. पाणी विकून रोकड हातात पडत होती, पिकापेक्षा सोपी. उपसा वाढला तशा समुद्राकडच्या विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा आजोबांना फार समजवावं लागलं नाही. टँकरवाल्याला त्यांनी एकच विचारलं, "विहिरीत पाणी मी भरलं होतं का?" ज्यांची विहीर खारट झाली त्यांना मात्र आमच्याकडून हंडे भरून न्यायला कधी मनाई नव्हती.

आज आमच्यातले बरेच नोकरीला लागले, काही परदेशी गेले, वाडी लहान झाली. धर्मग्रामाला आम्ही पैसे देतो, कदाचित त्यांच्यापेक्षा जास्तच. पण त्या पिढीनं आपल्याजवळचं सर्वांत चांगलं दिलं: हात, आवाज, अक्षरओळख, संध्याकाळचा वेळ. आमच्यात परिचारिका आहे, हिशेबनीस आहे, वकील आहे. धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत, बाहेरगावाहून आलेली, कागदपत्रांत अडकलेली कुटुंबं आहेत, अभ्यासात मागे पडलेली मुलं आहेत. या नाताळात आम्ही ठरवलं आहे की देवळात पाकीट टाकून थांबायचं नाही. ज्याला जे येतं ते त्यानं घेऊन फादरांपुढे उभं राहायचं आणि विचारायचं, "काम सांगा." आपल्याला मिळालेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडलं तरच ते आपण नीट राखलं, हे आमच्या घरानं आम्हाला शिकवलं आहे. तो वारसा चालवायचा तर आठवणी काढून भागणार नाही, कामाला लागावं लागेल.