करंजी आणि बारव

चित्रकाराने आपले चित्र घरच्या माणसांना दाखवू नये, असे माझे मत गेल्या दिवाळीत अगदी पक्के झाले होते.

झाले असे, की सेलूला मावशीकडे दिवाळीला जाताना मी एक नवे चित्र बरोबर नेले. विषय पंचमहाभूतांचा. योगाच्या जुन्या ग्रंथांत प्रत्येक महाभूताला एकेक आकृती नेमून दिलेली आहे : पृथ्वीला चौकोन, जलाला अर्धचंद्र, तेजाला त्रिकोण, वायूला षट्कोन आणि आकाशाला वर्तुळ. एवढे तयार भांडवल हाताशी असल्यावर चित्राला कितीसा वेळ लागणार? कंपासपेटी उघडली, एका मोठ्या वर्तुळात बाकीच्या आकृत्या नीट बसवल्या आणि रंग भरले. मित्रांनी चित्राला ‘गूढ’ म्हटले. आणखी काय हवे?

मावशीने चष्मा पुसून चित्र पाहिले.

“यात पाणी कुठंय रे?”

मी पांढऱ्या अर्धचंद्राकडे बोट दाखवले.

“हे पाणी व्हय? मला वाटलं, करंजी काढलीस!”

सारे घर हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. मावशीने चेष्टा केली नव्हती. तिने माझ्या चित्रात खरोखरच पाणी शोधले होते आणि तिला ते सापडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “चल, तुला पाणी दाखविते.” आम्ही वालूरला गेलो. वालूर सेलू तालुक्यातच. मावशीचे माहेर, माझे आजोळ. तिथली जुनी बारव चक्राकार आहे. पुष्कळ बारवांत पायऱ्या सरळ पाण्याकडे उतरतात. इथे त्या गोल भिंतीला धरून, फेर घेत घेत खाली जातात. गाळाने आणि झुडपांनी भरलेली ही बारव गावकऱ्यांनी अलीकडे श्रम करून मोकळी केली.

मावशीचे गुडघे आता पायऱ्या मानत नाहीत. ती काठावरच बसली आणि मला वरून सांगू लागली, “हळू उतर. भिंतीच्या कडेनं जा. दिवाळीला पाणी हाताशी असतंय. चैत्र-वैशाखात फेऱ्यावर फेरा पडायचा, तवा कुठं घागर बुडायची.”

मी उतरलो. पाऊस नुकताच सरला होता, पाणी बरेच वर होते. पण पुढच्या पायऱ्या त्या हिरवट पाण्याखाली तशाच वळत गेलेल्या दिसत होत्या. वर पाहिले, तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेला मावशीचे डोके. माझ्या मनात आले, हे वर्तुळ कुणी कंपासने काढलेले नाही. ते तहानेने काढलेले आहे. पाणी जसजसे खाली जाईल तसतसा माणसाला त्याच्यापर्यंत पोचता यावे, म्हणून ते वळले आहे. ज्यांनी ते खणले त्यांना जल म्हणजे काय, हे ग्रंथ उघडून पाहावे लागले नसेल.

सय्यद हैदर रझांची गोष्ट मला तिथे आठवली. मंडला जिल्ह्यातला १९२२ सालचा जन्म. शाळेत या मुलाचे चित्त थाऱ्यावर नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे नागपूरची कलाशाळा, मुंबईचे जे. जे., १९५० साली पॅरिस. आणि १९८०च्या सुमारास, पन्नाशी उलटून गेल्यावर, तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. भिंतीवरचा ठिपका कॅनव्हासवर यायला एवढी वर्षे लागली. आणि मी माझे आकाश दोन तासांत उरकले होते!

परतल्यावर त्या चित्रावर मी पांढरा रंग फिरवला. यंदा नवे चित्र घेऊन गेलो. कंपास घेतला नाही. कडेपासून सुरुवात केली आणि हातानेच फेर घेत आत गेलो. रेषा वाकडी आहे. मध्य अजून कोराच आहे.

मावशीची दृष्टी वर्षभरात आणखी अधू झाली आहे. तिने चित्र अगदी डोळ्यांशी नेले, बोट टेकवून रेषेवरून फिरवले आणि कोऱ्या जागेशी थांबली.

“पाणी नाही लागलं अजून,” ती म्हणाली. “पण उतरायलास, हे खरं.”

आणि तिने माझ्या हातावर एक करंजी ठेवली.