आत सोडलेली माया

मावसबहिणीनं माझ्यापुढे टॅगचा नमुना ठेवला. खाकी पुठ्ठा, त्याला ओवलेली सुतळी आणि मधोमध तीन शब्द : ‘शंभर टक्के शाश्वत’.

“ताई, तू बावीस वर्षं कापडाच्या प्रोसेसच्या लॅबला काढलीस. हे छापू का, एवढंच सांग. उद्या एखादीनं विचारलं, तर मला उत्तर देता आलं पाहिजे.”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत तिचं काम चालतं. महिन्याला पावणेदोनशे-दोनशे कुर्ते, कटिंगला ती स्वतः आणि शिवायला तीन काकू. तिनं जीव ओतून उभं केलेलं काम आहे ते, आणि म्हणूनच मला ‘छाप गं’ म्हणून मोकळं होता येईना. आठवडाभर कपाटं आणि वह्या उघड्या ठेव, म्हटलं.

पहिल्याच दिवशी सगळ्यात महागाचा तागा काढला. ‘हातमागाचं शुद्ध सुती’ म्हणून घेतलेला. मी त्यातून एक उभा धागा ओढला, एक आडवा, आणि दोन्ही वेगवेगळे पेटवले. उभा धागा कागदासारखा जळाला. चुरडल्यावर राख बोटावरून उडून गेली. आडवा मात्र आखडत, वितळत गेला आणि टोकाला काळा, टणक मणी धरला. नखानं दाबला तरी फुटेना. पॉलिस्टर. बहिणीनं तो मणी तळहातावर घेतला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. त्या कापडाचे चाळीस कुर्ते तिनं विकले होते, प्रत्येकीला सुती म्हणून सांगून. व्यापाऱ्याशी भांडण नंतर झालं. त्या रात्री तिनं आधी त्या चाळीस जणींना कळवलं आणि पैसे परत हवे असतील तर देते म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं सेंद्रिय कापसाचं सर्टिफिकेट फोनवर पाठवलेलं होतं. कागद खरा होता, पण गिरणीच्या नावाचा होता. त्या गिरणीला असं कापड बनवायची मान्यता आहे, एवढंच त्यातून कळतं. आपल्या हातातला तागा त्यातलाच आहे, हे दाखवायला त्या-त्या मालाचं वेगळं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं. सेंद्रिय कापडासाठीच्या ‘गॉट्स’ या मानकाच्या नियमांत नुसतं ‘सेंद्रिय’ म्हणायचं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय हवा. पाच-दहा तागे घेणाऱ्या बाईपर्यंत ही कागदांची साखळी क्वचितच पोचते. मग तो शब्द तिनं वापरू नये, असं मी स्पष्ट सांगितलं.

रंगांचं बोलताना मला जड गेलं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गाव मागांवर जगलं. माझं घरही त्यावरच चाललं. त्यामुळे पंचगंगा नदीत जाणाऱ्या रंगाच्या पाण्याबद्दल मी बाहेरची होऊन बोलू शकत नाही. बहिणीचा सगळ्यात खपणारा कुर्ता गडद निळा. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंगात असा गडद निळा चढवायचा, तर किलोभर कापडामागे जवळजवळ अर्धा किलो मीठ लागतं. ते मीठ कापडात राहत नाही. सगळं पाण्याबरोबर बाहेर पडतं. शिवाय धाग्याला न बसलेला रंग काढायला गरम पाण्याच्या धुलाया. साध्या शुद्धीकरणानं पाण्याचा रंग कमी होतो, विरघळलेलं मीठ जात नाही. हे मी रोज बीकरमध्ये मोजलेलं आहे.

“मग सगळं नैसर्गिक रंगात करते,” ती लगेच म्हणाली. तेही इतकं सरळ नाही. हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठेचा लाल नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण तिनं हळदीत रंगवलेले पिवळे कुर्ते उन्हात वाळून वाळून दोन महिन्यांत फिक्कट पडले होते. हळद उन्हाला टिकतच नाही. सहा धुलायांत जो कुर्ता अंगाबाहेर जातो, तो कितीही पानाफुलांत रंगवलेला असला, तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही. उलट शिवायचा पॉलिस्टरचा दोरा मी तसाच ठेवायला लावला. सुती दोरा काखेत आधी तुटतो.

मग मी घड्याळ घेऊन एका काकूंशेजारी बसले. गळ्याची पट्टी, चुण्या, बाही धरून एका कुर्त्याला पावणेदोन तास लागले. मजुरी नगावर, ११० रुपये. दिवसाला चार नग झाले तर ४४०. पण काम महिन्यातून सोळाच दिवस. म्हणजे ७,०४० रुपये. पावसाळ्यात त्याहून कमी. ही बाई आणखी तीन वर्षांनी या मशीनवर असेल का, हे मी बहिणीला विचारलं, आणि तिची हिशोबाची वही पुढे ओढली. कापड, बटणं, कुरिअर, वीज, सगळं मांडलेलं होतं. तिची स्वतःची मजुरी कुठल्याच पानावर नव्हती. कुर्त्याची किंमत बसत होती ती तिच्या फुकट कष्टांवर आणि नवऱ्याच्या पगारावर. वही मिटून ती आतल्या खोलीत गेली. चहा घेऊन आली तेव्हा डोळे लाल होते.

शेवटच्या दिवशी मी नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांना दोन वर्षांपूर्वीचे कुर्ते आणायला सांगितले. कुर्ते संपतात कसे, ते मला पाहायचं होतं. फाटलेला एकच निघाला. तीन अजून वापरात होते. उरलेले सहा चांगले धडधाकट, पण छातीत नाही तर दंडात होत नव्हते, म्हणून कपाटात पडून. मी एक उलटा केला. आत जेमतेम सेंटीमीटरभर कापड; बाकीचं ओव्हरलॉकनं कापून टाकलेलं. आईच्या ब्लाउजांना शिंपी दोन-दोन बोटं माया सोडायचा. बाळंतपणं झाली, वय वाढलं, तरी तेच ब्लाउज उसवून उसवून ती घालायची.

“माया ठेवली तर कापड जास्त लागतंय की,” मोठ्या काकू म्हणाल्या. आम्ही तिथंच कटिंग नव्यानं मांडून पाहिलं. कुर्त्यामागे दहा-बारा सेंटीमीटर जास्त जात होतं. बहिणीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “जाऊ दे.”

किंमत वाढली. मजुरी १५० झाली, आणि मंदीच्या महिन्यांत साधे कुर्ते शिवून ठेवायचे, म्हणजे काकूंना निदान बावीस दिवस काम मिळेल, असं ठरलं. काही गिऱ्हाइकं गेली. टॅगवर आता ‘शाश्वत’ हा शब्द नाही. कापड कुठे विणलं, रंग कुठला, कुणी शिवलं, हे आहे. त्याखाली, ‘कापूस कुणाच्या शेतातला, हे आम्हाला माहीत नाही.’ आणि सगळ्यात शेवटी, ‘दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया आहे. उसवून देऊ.’

परवा मी गेले, तेव्हा एक बाई निळा कुर्ता घेऊन आली होती. बाळ सहा महिन्यांचं, कडेवर. मोठ्या काकूंनी बाजूची टीप उसवली, दोऱ्याचे तुकडे फुंकरीनं उडवले आणि कापड उलगडून इस्त्री फिरवली. वर्षभर धुतलेल्या निळ्याशेजारी आतली पट्टी पहिल्या दिवसासारखी गडद निघाली. काकूंना वाटलं, बाई नाही म्हणेल. त्या कुर्ता उजेडात धरून म्हणाल्या, “काठ लावल्यागत दिसतंय बघा.” बाईनं बाळ बहिणीच्या हातात दिलं आणि कुर्ता घेऊन ती आत घालून बघायला गेली.